गिअरची मूठ : हाताला कळणारी वस्तू कशी घडवावी

वाहन चालविणाऱ्या मनुष्याचे डोळे रस्त्यावर असतात, कान इंजिनाच्या आवाजाकडे असतात आणि डावा हात वारंवार गिअरच्या दांड्याकडे जातो. डोळ्यांना व कानांना त्यांची कामे नेमून दिलेली आहेत. हाताला मात्र आपले काम न पाहताच करावयाचे असते. ज्या वस्तूकडे पाहावयास सवड नाही, ती वस्तू हातालाच कळली पाहिजे. गिअरच्या दांड्याच्या टोकावरील मूठ ही अशीच एक वस्तू आहे. गॅरेजात तिला ‘गिअर नॉब’ म्हणतात. गाडीच्या एकंदर किमतीत तिचा हिस्सा अगदी नगण्य असतो. परंतु चालकाचा तळहात दिवसातून शेकडो वेळा जिला स्पर्श करतो अशी वस्तू सुकाणूचक्राखालोखाल तीच होय.

भालकी तालुक्यातील आपल्या खटकचिंचोळीच्या परिसरात आज बैलगाडीच्या जोडीला ट्रॅक्टर, जीप व मोटारी आहेत. त्या वापरात जुन्या होत जातात, तेव्हा मुठीवरचे अंक पुसून जातात, उन्हाने तिचे प्लॅस्टिक तडकते, आणि मग बाजारातील एखादा चकचकीत गोळा आणून तिच्या जागी बसविला जातो. तो गोळा शोभिवंत असतो. पण तो आपल्या हाताच्या मापाचा आहे काय, त्याचे वजन योग्य आहे काय, त्याचे आटे दांड्याच्या आट्यांशी जुळतात काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हे प्रश्न विचारून अशी मूठ स्वतः कशी घडवावी, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. या कामी आपल्या जिल्ह्याची बिदरी कला आपल्याला एक मोठा धडा देऊ शकेल, असे आम्हांस वाटते.

मुठीचे कार्य

इंजिन ठरावीक गतीच्या मर्यादेतच चांगली शक्ती देते. चढावर चाकांना जोर अधिक हवा असतो व वेग कमी चालतो. सपाट सडकेवर याच्या उलट असते. म्हणून इंजिन व चाके यांच्यामध्ये निरनिराळ्या दातांच्या चक्रांच्या जोड्या ठेवतात, आणि प्रसंगानुसार एक जोडी सोडून दुसरी कामाला लावतात. फ्रान्समधील पानार व लव्हासोर यांच्या कारखान्याने १८९१ साली सरकत्या दातेरी चक्रांची जी रचना मोटारीत आणली, तिच्यापासून आजच्या गिअरपेटीची परंपरा सुरू होते. त्या काळी फिरती चक्रे एकमेकांत बसविणे हे कौशल्याचे व कर्कश आवाजाचे काम होते. पुढे १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत ‘सिंक्रोमेश’ ही युक्ती आली. या युक्तीत दोन्ही चक्रांची गती आधी घर्षणाने समान केली जाते आणि मग ती गुंतविली जातात. आपण गिअर बदलताना दांडा क्षणभर अडल्यासारखा वाटतो व मग अलगद आत जातो. तो क्षण हाच होय. चालकाला तो कळतो तो या मुठीच्या द्वारेच. कोणत्या क्षणी दांडा अडला, कोणत्या क्षणी आत गेला, ही वार्ता गिअरपेटीतून निघून दांड्यावाटे तळहातापर्यंत येते.

दांडा म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकात शिकविली जाणारी तरफच आहे. समजा, टेकूपासून वरचा भाग ३० सेंटिमीटर व खालचा भाग ६ सेंटिमीटर आहे. म्हणजे हाताचा जोर खाली ५ पट होतो. आता मूठ ३ सेंटिमीटर उंच केली, तर हे प्रमाण ३३ भागिले ६, म्हणजे ५.५ पट होईल. जोर कमी लागेल. पण तितकेच काम करण्यासाठी हाताला एक दशांश अंतर अधिक कापावे लागेल. मूठ ठेंगणी केली, तर याच्या उलट घडेल. तरफेकडून एका बाजूने मिळविलेले दुसऱ्या बाजूने फेडावेच लागते. म्हणून मूळ मुठीची उंची मोजून ठेवावी, आणि तिच्यापासून फार दूर जाऊ नये.

हा दांडा नेहमी गाडीच्या तळातूनच वर येतो असेही नाही. मुंबईच्या काळ्यापिवळ्या ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सीत तो सुकाणूच्या खांबाला आडवा बसविलेला असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सींतील शेवटची गाडी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. तेथे मूठ लहान असे व बोटांनी धरावी लागे. तळातून येणाऱ्या दांड्याची मूठ तळहाताने झाकली जाते. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल, की मुठीचा आकार आधी दांड्याच्या जागेवरून व हाताच्या पकडीवरून ठरतो, आवडीचा प्रश्न त्यानंतर येतो.

वजनाचा हिशेब

जड मूठ चांगली की हलकी, हा वाद वाहनप्रेमी मंडळींत नित्य चालतो. आपण तो गणिताने सोडवून पाहू. ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा घेतला, तर गोलाच्या घनफळाच्या सूत्राप्रमाणे त्याचे घनफळ सुमारे ६५.४ घन सेंटिमीटर भरते. ज्या लाकडाची घनता ०.९ आहे, अशा लाकडाचा हा गोळा सुमारे ५९ ग्रॅम भरेल. तोच गोळा बिदरीच्या मिश्रधातूचा भरीव ओतला, तर त्या धातूची घनता सुमारे ७.२ असल्यामुळे त्याचे वजन ४७० ग्रॅमच्या आसपास जाईल. म्हणजे तो आठपट जड होईल.

जड मुठीचा एक गुण खरा आहे. एकदा गती मिळाली, की ती आपल्या जडत्वाने दांड्याला पुढे नेते व हाताला अडथळा कमी जाणवतो. परंतु तेच जडत्व खाचखळग्यांच्या रस्त्यावर शत्रू बनते. गाडी हादरली, की टोकावरील अर्धा किलो वजन दांड्याला हलवीत राहते, सांधे झिजतात, आणि झिजलेल्या गिअरपेटीत गिअर आपोआप सुटण्याचा संभवही वाढतो. शिवाय जड मूठ गिअरपेटीकडून येणारी ती सूक्ष्म वार्ता दाबून टाकते. जर्मनीच्या पोर्श कारखान्याने १९७० व १९७१ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या आपल्या ‘९१७’ गाडीला बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाची मूठ बसविली होती. गाडीचे वजन जेथे जेथे घटविता येईल तेथे ते घटवावे, हा त्यातील हेतू होता. पुढे त्याच कारखान्याने आपल्या ‘कॅरेरा जीटी’ गाडीला लाकडी मूठ दिली, ती त्या जुन्या मुठीच्या स्मरणार्थ. जगातील अत्यंत वेगवान यंत्रालाही लाकूड कमीपणाचे वाटले नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

धातूच्या मुठीचा दुसरा दोष आपल्या भागात अधिकच जाणवेल. बीदर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर चढतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तर ज्या पृष्ठभागांवर प्रत्यक्ष ऊन पडते, ते ७० अंशांच्या जवळपास तापू शकतात. जस्त हे लाकडाच्या मानाने शेकडो पटींनी उष्णतेचे सुवाहक आहे. समान तापलेल्या लाकडाला व धातूला हात लावला, तर धातू चटका देतो आणि लाकूड देत नाही, याचे कारण हेच. म्हणून आमची योजना अशी आहे, की मुठीचे अंग लाकडाचे असावे, आटे पितळेचे असावेत, आणि केवळ माथ्यावर बिदरीची एक लहान चकती असावी.

आट्यांचे माप

मूठ घडविण्यापूर्वी पहिले काम मापाचे. जुनी मूठ डाव्या बाजूस फिरवून पाहावी. ती आट्यांवर असेल, तर निघून येईल. पुष्कळ नव्या गाड्यांत ती आट्यांवर नसून दाबून बसविलेली असते. काहींत मागच्या गिअरसाठी उचलावयाचे कडे असते, तर स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत मुठीतच कळ असते. अशा मुठींना हात लावू नये. त्यांच्यातील यंत्रणा सुरक्षिततेची असते, आणि ती मोडून केलेली शोभा महागात पडते.

मूठ आट्यांची असेल, तर दांड्याच्या टोकाचा व्यास प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपरने मोजावा. १० मिलिमीटरच्या आट्याचे प्रत्यक्ष माप ९.८ च्या आसपास भरते. म्हणून किंचित कमी भरल्यास गोंधळून जाऊ नये. त्यानंतर आट्यांतील अंतर काढावे. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. कागदाची पट्टी आट्यांवर घट्ट दाबावी, म्हणजे तिच्यावर रेषा उमटतात. दहा अंतरांची एकूण लांबी मोजून तिला दहाने भागावे. १५ मिलिमीटर भरले, तर अंतर १.५, १२.५ भरले, तर १.२५. मोटारींत १० मिलिमीटर व्यासाचे या दोन्ही अंतरांचे आटे आढळतात, आणि १२ मिलिमीटर व्यासाचे १.२५ अंतराचेही. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, परंतु १.२५ च्या दांड्यावर १.५ ची मूठ जोराने चढविली, तर दोन फेऱ्यांतच आटे मारले जातात. मग मूठ घट्ट बसल्यासारखी वाटते आणि नेमक्या अवघड वळणावर हातात येते. या लहानशा मापावर माणसांचा जीव अवलंबून असतो, हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही.

लाकडात पाडलेले आटे टिकत नाहीत. म्हणून १६ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा व २० मिलिमीटर लांबीचा पितळी बुश घ्यावा. त्यात पाडावयाच्या छिद्राचा नियम सोपा आहे. आट्याच्या व्यासातून आट्यांतील अंतर वजा करावे. १० व्यास व १.५ अंतर असेल, तर ८.५ मिलिमीटरचे ड्रिल. १२ व्यास व १.२५ अंतर असेल, तर १०.७५ चे. मग टॅप सरळ धरून अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे, अशा रीतीने फिरवावा, म्हणजे कीस तुटून बाहेर पडतो व टॅप अडकून मोडत नाही. दांडा बुशात निदान व्यासाच्या दीडपट, म्हणजे १० मिलिमीटरच्या आट्याला १५ मिलिमीटर तरी आत जावा.

लाकडाची निवड

ज्या गावाच्या नावातच चिंच आहे, तेथील मुलांनी लाकडासाठी दूर जाण्याचे कारण नाही. जुन्या चिंचेच्या झाडाचा गाभा गडद तपकिरी, जड व चिवट असतो. उखळी, मुसळे व मोगऱ्या यांसाठी त्याचा उपयोग होत आला आहे. बाहेरचा पिवळसर भाग मात्र किडीला लवकर बळी पडतो. तो घेऊ नये. बाभळीचे लाकूडही उत्तम. बैलगाडीच्या चाकाचे तुंबे आणि नांगराचे भाग बाभळीचे करण्याची दख्खनची जुनी रीत आहे, कारण ते लाकूड धक्का सोसते व सहसा उकलत नाही. याखेरीज शिसवी किंवा साग यांचे तुकडे सुताराकडे उरलेले असतातच. मुठीला लागतो तो ६ सेंटिमीटर जाडीचा व ८ सेंटिमीटर लांबीचा ठोकळा. त्यासाठी झाड तोडणे हा अविचार होय. वाळलेली फांदी किंवा जुन्या अवजाराचा तुकडा पुरतो.

लाकूड मात्र पूर्ण वाळलेले हवे. ओल्या लाकडाची मूठ आज अचूक बसली, तरी उन्हाळ्यात ती आकसून तडकेल व बुश सैल होईल. ठोकळ्याची दोन्ही टोके मेणाने बंद करून तो काही महिने सावलीत ठेवावा. दर आठवड्यास त्याचे वजन करावे, आणि लागोपाठच्या वजनांत फरक पडेनासा झाला, म्हणजे लाकूड वाळले असे समजावे. विज्ञानाच्या वहीत याचा आलेख काढता येईल. तो सुरुवातीला झपाट्याने उतरतो आणि मग हळूहळू सपाट होतो.

कातकाम

यापुढील काम लेथचे आहे. ते कातारी, अनुभवी सुतार किंवा कार्यशाळेतील शिक्षक यांच्या देखरेखीखालीच करावे. सैल बाह्या, गळ्यातील उपरणे व मोकळे केस लेथजवळ नेऊ नयेत, आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

पुष्कळजण आधी गोळा कातून मागाहून छिद्र पाडतात, आणि छिद्र तिरपे गेल्यावर हळहळतात. क्रम उलटा हवा. प्रथम ठोकळ्याच्या तळाशी बुशाच्या मापाचे छिद्र पाडावे व बुश इपॉक्सीने पक्का बसवावा. बुशाच्या बाहेरील अंगावर आधी कानशीने चरे पाडावेत, म्हणजे तो लाकडात फिरत नाही. एक दिवस गेल्यावर त्याच आट्यांचा बोल्ट लेथच्या चकमध्ये पकडून त्यावर ठोकळा चढवावा, आणि मग कातावयास आरंभ करावा. असे केल्याने मुठीचा मध्य व दांड्याचा मध्य एकच होतो. गाडीत ती बोल्टवर जशी फिरते, तशीच लेथवरही फिरते.

आकार ठरविण्यासाठी ओल्या मातीचा किंवा कणकेचा गोळा हातात धरून पाहावा. दांडा पुढे ढकलताना तळहात कोठे टेकतो, मागे ओढताना बोटे कोठे अडकतात, याच्या खुणा त्यावर आपोआप उमटतात. मोठ्या माणसांच्या हाताला ४५ ते ५५ मिलिमीटर व्यास साधारणपणे सोयीचा होतो. मान थोडी निमुळती ठेवली, की ओढताना बोटांना आधार मिळतो. माथा सपाट करून त्यात ३० मिलिमीटर व्यासाचा व साडेतीन मिलिमीटर खोलीचा खळगा कातावा. चकतीची जागा ही.

काचकागद जाडापासून बारीकाकडे क्रमाने वापरावा, आणि शेवटी जवसाचे उकळलेले तेल पातळ थरांनी चढवावे. एक थर पूर्ण वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये. तेलाच्या चिंध्यांविषयी एक इशारा अवश्य द्यावयास हवा. जवसाचे तेल वाळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते व उष्णता बाहेर टाकते. बोळा करून टाकलेली चिंधी आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. कोणी विचारील, की आपल्याच राज्यातील चन्नपट्टणच्या खेळण्यांवर लाखेची जी सुरेख झिलई असते, तीच येथे का देऊ नये? ती खेळणी काळ्या कुड्याच्या पांढऱ्या लाकडाची असतात, आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढविला जातो. परंतु जी लाख घर्षणाने वितळते, ती उन्हानेही मऊ पडते. सुमारे ७० ते ८० अंशांना ती नरम होते, आणि बंद गाडीतील तापलेली मूठ या मर्यादेच्या जवळ जाते. खेळण्याला जे शोभते, ते मुठीला सोसत नाही.

बिदरीची चकती

आता माथ्यावरील चकतीकडे वळू. बीदर शहराची ही कला बहमनी काळापासून चालत आली आहे, असे परंपरा सांगते. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात बिदरीच्या वस्तू मांडल्या गेल्या होत्या. २००६ साली या कलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. आणि २०२३ साली बीदरचे बिदरी कलावंत शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

या कलेचा धातू म्हणजे जस्तात मिसळलेले थोडे तांबे. साधारणपणे सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे घेतात. एरंडेल व राळ मिसळलेल्या मातीच्या साच्यात हा रस ओततात. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते. अधिक तापविल्यास त्याचा धूर ताप आणणारा असतो. म्हणून ओतकाम विद्यार्थ्यांनी करू नये, ते कारागिरांकडेच द्यावे. ओतलेली वस्तू कानशीने गुळगुळीत करून तिच्यावर मोरचुदाचे पाणी चोळतात, त्यामुळे ती तात्पुरती काळसर होते. मग तिच्यावर टोकदार सळईने मुक्तहस्त नक्षी रेखतात, छिन्नीने ती कोरतात, आणि कोरलेल्या चरांत चांदीची तार किंवा पत्रा हलक्या हाताने ठोकून बसवितात. सर्व पृष्ठभाग घासून एकसारखा केला, म्हणजे चांदी व जस्त दोन्ही पांढरी दिसतात आणि नक्षी जणू नाहीशी होते. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती व नवसागर पाण्यात कालवून ते मिश्रण किंचित तापविलेल्या वस्तूवर चोळतात. त्या मातीत सोऱ्याचा अंश असतो. पाहता पाहता जस्ताचे अंग गडद काळे होते आणि चांदी मात्र शुभ्र राहते. या किमयेत तांब्याचा तो लहानसा अंशही महत्त्वाचा आहे. निव्वळ जस्तावर असा टिकाऊ काळेपणा येत नाही.

बिदरीत जडावाचे अनेक प्रकार आहेत. तारकशीत तार बसवितात, तहनिशानात पत्रा बसवितात. दोहोंत चांदी अंगाशी समतल असते. झरनिशान व झरबुलंद या प्रकारांत नक्षी पृष्ठभागाच्या वर उठून येते. भिंतीवरच्या तबकाला उठावाची नक्षी शोभेल; मुठीला ती चालणार नाही. हाताला टोचणारी शोभा चालकाचे लक्ष रस्त्यावरून ओढून घेईल. तारकशीच्या चकतीवरून बोट फिरविले, तर नक्षी कोठे सुरू होते व कोठे संपते, हे डोळे मिटून सांगता येत नाही. बीदर किल्ल्यातील रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्यांचे जे जडावकाम आहे, त्याची घडणही याच जातीची आहे. डोळ्यांना सर्व काही द्यावे आणि हाताच्या वाटेत काहीही येऊ देऊ नये, हा या कामाचा नियम आहे. गिअरच्या मुठीचाही नियम तोच आहे.

चकतीवर नक्षी नको, गिअरची आकृती हवी. मूळ मुठीवर पहिला, दुसरा व पुढील गिअर ज्या जागी दाखविले असतील, तंतोतंत त्याच जागी ते कोरवून घ्यावेत. मागचा गिअर निरनिराळ्या गाड्यांत निरनिराळ्या कोपऱ्यांत असतो. येथे अंदाजाला थारा नाही. अंक कोणत्या लिपीत असावेत, हाही आपल्या सीमाभागात विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आपल्याकडे मराठी, कन्नड व उर्दू अशा तिन्ही भाषा नांदतात आणि तिघींचे अंक निराळे आहेत. गाडी कोणाच्याही हाती जाऊ शकते. म्हणून मूळ मुठीवरील आंतरराष्ट्रीय अंकच ठेवणे शहाणपणाचे ठरेल. स्वतःच्या लिपीचा अभिमान दाखविण्यास दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत. रस्त्यावर सर्वांना एकच खूण कळली पाहिजे.

चकती ३० मिलिमीटर व्यासाची व ३ मिलिमीटर जाडीची असली, तर तिचे वजन सुमारे १५ ग्रॅम होते. खळगा साडेतीन मिलिमीटरचा असल्यामुळे ती लाकडाच्या कडेपेक्षा अर्धा मिलिमीटर खाली राहते. हा अर्धा मिलिमीटर हेतुपुरस्सर ठेवलेला आहे. तळहात लाकडाच्या कडेवर टेकतो, चकतीवर घासत नाही. त्यामुळे तिचा काळेपणा टिकतो व उन्हाचा चटकाही बसत नाही. लाकूड, बुश व चकती मिळून सारी मूठ ८५ ते ९० ग्रॅमच्या आसपास भरते. ती हलकीही नाही आणि अर्ध्या किलोचे ओझेही नाही.

बसवणी आणि निगा

मूठ दांड्यावर हाताने फिरवावी. पहिल्या फेऱ्यापासून ती अलगद चढली पाहिजे. जोर लागल्यास थांबून माप पुन्हा पाहावे. आकृती सरळ समोर यावी म्हणून खाली एक चेकनट ठेवावा. मूठ योग्य दिशेला आली, की तो तिच्या बुशाला भिडवून आवळावा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सर्व गिअर क्रमाने घालून पाहावेत. कोणत्याही गिअरमध्ये हात समोरच्या फळीवर किंवा आसनावर आदळू नये. मग मूठ जोराने वर ओढून पाहावी. या परीक्षांत ती उतरली, तरच गाडी हलवावी. पहिल्या आठवड्यानंतर चेकनट पुन्हा तपासावा.

पितळी भांडी चिंचेने घासण्याची आपल्या घरोघरी रीत आहे. बिदरीला चिंच, लिंबू किंवा राख कधीही लावू नये. आम्लाने जस्त विरघळते व काळा थर उडून जातो. मऊ कोरडे कापड आणि अधूनमधून खोबरेल तेलाचा एक थेंब एवढे पुरे. आणखी एक सवय चालकाने लावून घ्यावी. मूठ कितीही सुंदर झाली, तरी गाडी चालू असताना हात तिच्यावर विसावू देऊ नये. हाताचा तो भार गिअरपेटीतील काट्यांवर पडतो व ते अकारण झिजतात.

बीदरच्या कारागिरांनी पूर्वी हुक्क्याची भांडी, सुरया, पानदाने, पिकदाण्या आणि बैठकीवरील चादर उडू नये म्हणून तिच्या कोपऱ्यांवर ठेवावयाची वजने घडविली. त्या वजनांना ‘मीर-ए-फर्श’ म्हणत, आणि उचलावयास सोयीची म्हणून त्यांच्या माथ्यालाही मूठच असे. त्या बैठकी उठल्या, हुक्के विझले, पानदाने कपाटात गेली. ज्या वस्तूंसाठी ही कला जन्मली, त्या वस्तूच घराघरांतून नाहीशा झाल्या. आज तिच्या पुष्कळ वस्तू काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी घेतल्या जातात. कला केवळ कपाटात राहिली, तर तिला सन्मान मिळेल. परंतु रोजच्या हाताची सवय राहणार नाही, आणि ज्या वस्तूला कोणी हात लावीत नाही, तिच्यातील चूकही कोणाला कळत नाही.

म्हणून आमचे विद्यार्थिमित्रांस सांगणे आहे, की एका गिअरच्या मुठीने बिदरी कला तरेल असे नव्हे. परंतु आपल्या काळाच्या वस्तू आपल्या भागातील हातांकडे नेण्याचा मार्ग अशा लहान कामांतूनच सापडतो. घरचा ट्रॅक्टर, गावचा सुतार, तालुक्याचा फिटर आणि बीदरचा कारागीर या चौघांची विद्या एका तळहातात मावेल एवढ्या वस्तूत एकत्र येऊ शकते. तिच्यासाठी भूमितीतील गोल लागतो, पदार्थविज्ञानातील तरफ लागते, रसायनातील जस्त व नवसागर लागतात. पुस्तकात हे विषय वेगवेगळ्या पानांवर असतात. वस्तू घडविताना ते सारे एका वेळी हाताशी लागतात. ज्याने एक तरी वस्तू अशा रीतीने मापून, विचारून व तपासून घडविली, तो पुढे कोणतीही वस्तू विकत घेतानाही हेच प्रश्न विचारील. ती दिसते कशी, हे तो पाहीलच. पण ती हाताला कळते काय आणि प्रसंगी दगा तर देणार नाही ना, हे तो त्याहून आधी पाहील.